नाशिकचे फोटो ऑनलाइन प्रिंट म्हणून विकायचे आहेत : फाइल, किंमत, कर आणि परवानग्या

गंगाघाट_सकाळ

नमस्कार मंडळी. नाशिक आणि आसपासचे साधारण ४०० फोटो निवडून ठेवलेत. गोदावरीच्या गंगाघाटावरची पहाट, पावसाळ्यातली अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, दिंडोरीकडच्या द्राक्षबागा, नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी आणि सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, लेन्स १८-५५ आणि ५५-२५० मिमी. थोडे फोटो फोनवरचेही आहेत. सगळं काम लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये.

हे फोटो प्रिंट म्हणून ऑनलाइन विकायचे आहेत. काही प्रश्न आहेत. फाइन आर्ट अमेरिकासारख्या परदेशी साइटवर टाकावेत, की स्वतःचं पान करून इथल्या लॅबमधून छापून पाठवावेत? कुठला फोटो किती मोठा छापता येतो, हे कसं ठरवायचं? चाचणीसाठी १२×१८ इंचांचे तीन प्रिंट काढले. तिन्ही स्क्रीनपेक्षा बरेच काळपट आले आणि अंजनेरीचा हिरवा रंग मेलेला दिसतोय. चूक लॅबची की माझी? किंमत कशी काढायची? परदेशातून पैसे आले तर जीएसटीचं काय? आणि साधू, भाविक यांचे फोटो विकणं योग्य आहे का?

घाई नाही. एकेका मुद्द्यावर लिहिलंत तरी चालेल.

---

प्रूफप्रिंट

काळपट प्रिंटचं आधी बघू, कारण ते सुटल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही.

बहुतेक वेळा दोष स्क्रीनच्या उजेडाचा असतो. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर २५० ते ३०० निटच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास असतो. प्रिंटसाठी तो ८० ते १२० वर लागतो. भगभगीत पडद्यावर फोटो छान उजळ दिसतो, म्हणून आपण एडिट करताना तो गडदच ठेवतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही, तो खोलीतल्या उजेडावर दिसतो, त्यामुळे प्रिंट काळा वाटतो. कॅलिब्रेशनचं, म्हणजे पडद्याचा उजेड आणि रंग मोजून जुळवायचं यंत्र असेल तर १०० निटवर सेट करा. नसेल तर पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खिडकीच्या उजेडात कोरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवा. 'नाइट लाइट'सारखा पिवळसर मोड आणि लॅपटॉपचा आपोआप उजेड बदलणारा पर्याय, दोन्ही बंद हवेत. मग तेच तीन फोटो पुन्हा उघडा. सावल्या किती बुडालेल्या आहेत ते लगेच कळेल.

दुसरी शक्यता हिरव्या रंगाला लागू पडते. फाइल अॅडोबी आरजीबीमध्ये गेली आणि लॅबच्या मशीनने ती एसआरजीबी (रंग नोंदवायच्या या दोन वेगळ्या पद्धती) समजून छापली, तर सगळे रंग फिके पडतात. लॅबने दुसरं काही लेखी सांगितलं नसेल तर एक्स्पोर्ट एसआरजीबीतच करा आणि प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे ती नोंद, फाइलमध्ये राहू द्या. तरीही पावसाळ्यातला तो पोपटी, जवळजवळ चमकणारा हिरवा मॅट (बिनचमकीच्या) कागदावर पूर्ण उतरत नाही. शाईची आणि कागदाची ती मर्यादाच आहे. लॅबकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या, लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये 'एस' दाबून सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कसा येईल ते पडद्यावर दाखवणारा पर्याय) चालू करा, कागद आणि शाईचा आभास दाखवणारी खूण करा. फोटो एकदम मळकट दिसेल. घाबरू नका, प्रिंट साधारण तसाच येणार असतो. मग त्या प्रूफ कॉपीवर पिवळा-हिरवा थोडा कमी भडक करा आणि त्याची ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, वाढवा. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवायचा मोह टाळा. त्याने पानापानातला फरक जातो आणि डोंगरावर रंगाचा सपाट थापा दिसतो.

तिसरं, अनेक डिजिटल लॅबमध्ये मशीन आपोआप रंग 'सुधारतं'. लग्नाच्या अल्बमला ते उपयोगी पडतं. धुक्यातल्या ब्रह्मगिरीची मात्र त्याने वाट लागते, कारण मशीन धुक्याला कमी कॉन्ट्रास्ट समजून ताणतं. ऑर्डरवर 'नो करेक्शन' लिहा आणि काउंटरवर तोंडीही सांगा.

पुढची चाचणी पूर्ण फोटोंवर करू नका. ८×१२ च्या एकाच कागदावर त्याच फोटोच्या पाच पट्ट्या मांडा : मूळ, मग एक्स्पोजर +०.२, +०.४, +०.६, +०.८. प्रिंट दिवसाच्या उजेडात बघा आणि रात्री घरातल्या एलईडीखालीही. गिऱ्हाइकाच्या भिंतीवर तो रात्रीच जास्त बघितला जाणार आहे.

आता आकार. तुमची फाइल ६०००×४००० पिक्सेल. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ती २०×१३.३ इंच होते, २०० ला ३०×२०, १५० ला ४०×२६.७. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० चांगलं. सोफ्याच्या मागे लावायच्या ३०×२० ला २०० पुरतं. कॅनव्हासला १५० चालतं, कारण त्याची वीण बारीक तपशील तसाही गिळते. पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे. २५० मिमीने टिपलेला पक्षी कापून मोठा केला की फाइल २४००×१६०० वर येते. २०० पीपीआयला ती १२×८ झाली, बस. त्याच्यापुढचे आकार त्या फोटोसाठी साइटवर बंदच ठेवा. पुष्कळ साइट पिक्सेल पुरले की मोठा आकार आपोआप विकायला काढतात. फोटो हलला आहे की नाही, हे त्या बघत नाहीत. म्हणून प्रत्येक फाइल १००% वर, डावीकडून उजवीकडे, एक इंचही न सोडता तपासा. आकाशातले सेन्सरच्या धुळीचे ठिपके, मंदिराच्या कडेला जास्त शार्पनिंगची पांढरी रेघ, काळ्या फांद्यांना जांभळी कड, हे फोनच्या पडद्यावर कधीच दिसत नाही आणि २०×३० वर दुसरं काही दिसत नाही.

फोनचे १२ मेगापिक्सेलचे दिवसाचे फोटो १२×१६ पर्यंत बिनधास्त छापा. रात्रीच्या मोडमधले नकोत. पाणी आणि झाडं तेलचित्रासारखी फासलेली येतात. आणि व्हॉट्सअॅपवरून परत घेतलेली फाइल कधीही लॅबला देऊ नका. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

---

चौकट

प्रूफप्रिंट यांनी सगळं नीट सांगितलंय. त्यात लांबी-रुंदीच्या प्रमाणाची भर घालतो, कारण फ्रेमिंगच्या दुकानात निम्मा गोंधळ त्याचाच असतो.

तुमच्या कॅमेऱ्याचं प्रमाण ३:२. त्यात ८×१२, १२×१८, १६×२४, २०×३०, २४×३६ न कापता बसतात. ८×१० किंवा १६×२० म्हटलं की लांबीचा सहावा भाग जातो. ए३ ला साधारण ६% जातो. गोंदेश्वरचं शिखर वरच्या कडेला चिकटून असेल तर तेवढ्यातही कळस कापला जातो. म्हणून साइटवर ३:२ चेच आकार चालू ठेवा आणि ज्याला ४:५ हवं त्याच्यासाठी वेगळी कापलेली फाइल स्वतः बनवा. मशीनला कापू देऊ नका.

कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणतात तेव्हा फोटो कडेवर वळतो. दीड इंच जाडीच्या चौकटीला १६×२४ साठी निदान १९×२७ इंचांचं चित्र लागतं, मागे स्टेपल मारायची पट्टी वेगळी. कडेला महत्त्वाचं काही असेल तर आरशासारखी उलटी कड किंवा एकरंगी कड निवडा.

कागदाबद्दल थोडक्यात : धुकं, पाऊस, मऊ उजेड असेल तर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचा कॉटन मॅट कागद. रामकुंडावरचे दिवे आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब असेल तर लस्टर किंवा बरायटा हे थोडी चमक असलेले कागद, कारण मॅटवर काळा रंग पूर्ण काळा होत नाही, राखी होतो. द्राक्षबागा दोन्हीवर चालतात.

आता कुठे विकायचं. फाइन आर्ट अमेरिकावर (पिक्सेल्स डॉट कॉम हे त्यांचंच) छपाई, फ्रेम आणि पाठवणी त्यांची. तुम्ही प्रत्येक आकारावर तुमचा नफा ठरवायचा, त्यांच्या मूळ किमतीवर तो चढतो. रेडबबलचं तत्त्व तेच, फक्त तिथे २०२३ पासून खात्यांचे स्तर आहेत आणि साध्या खात्याच्या कमाईतून शुल्क कापलं जातं. एट्सी हे दुकानाचं भाडं घेतल्यासारखं आहे. प्रत्येक लिस्टिंगला चार महिन्यांसाठी २० सेंट, विक्री झाली की वस्तू आणि पाठवणी मिळून होणाऱ्या रकमेवर ६.५%, शिवाय पैसे स्वीकारण्याचं शुल्क. छपाईची जबाबदारी तुमची.

माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा, पण गिऱ्हाईक वेगळं धरून. परदेशी साइटवरून नाशिकच्या किंवा पुण्याच्या माणसाने प्रिंट मागवला तर डॉलरमधली किंमत, पाठवणी आणि सीमाशुल्क मिळून तो फार महाग पडतो. ती साइट बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी, म्हणजे खरं तर अमेरिका-युरोपात राहणाऱ्या आपल्याच नाशिककरांसाठी. इथल्या माणसाला इथल्या लॅबचा प्रिंट द्या.

इथली किंमत अशी काढा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या लॅबचे भाव घाला. १२×१८ कॉटन कागदावर छपाई ९००, पॅकिंग १२०, कुरिअर १५०. झाले ११७०. खराब निघणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रिंटसाठी ५% धरा, म्हणजे सुमारे ६०. झाले १२३०. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचे) २% आणि त्यावर १८% जीएसटी, म्हणजे विक्री किमतीच्या २.३६%. २१०० ला विकलात तर गेटवेचे ५० जाऊन तुमच्या हातात ८२० उरतात. नवीन माणूस नेमकं ते ५% आणि कुरिअर विसरतो आणि १५०० ला विकून बसतो.

फोटो ४०० आहेत म्हणालात. ४०० टाकू नका. २० टाका, ते एकाच नजरेचे वाटले पाहिजेत. गंगाघाटाचे पाच, डोंगरांचे सहा, बागांचे पाच, गोंदेश्वरचे चार. पक्ष्यांचं वेगळं दालन करा. शीर्षकात जागेचं नाव, ऋतू, दिवसाची वेळ आणि मुख्य रंग इंग्रजीत येऊ द्या. नाशिकचं स्पेलिंग 'एसएच' आणि 'एस' अशा दोन्ही तऱ्हांनी शोधलं जातं, टॅगमध्ये दोन्ही घाला. परक्या माणसाला अंजनेरी माहीत नसते. तो 'धुकट हिरवे डोंगर' शोधतो. 'रम्य सकाळ' असलं शीर्षक कुणीच शोधत नाही.

आणि या साइट आपणहून गिऱ्हाईक आणून देत नाहीत. लाखो फोटोंत तुमचा फोटो वर यायचा तर बाहेरून तुम्हीच माणसं तिथे पाठवायला हवीत. इन्स्टाग्रामवर, सोसायटीच्या ग्रुपवर, होम-स्टेवाल्यांना, नवं क्लिनिक किंवा हॉटेल सजवणाऱ्या इंटिरिअर डिझायनरना थेट त्या प्रिंटची लिंक द्या, मुख्य पानाची नको.

मर्यादित आवृत्ती म्हणून २५ प्रती जाहीर केल्यात तर तोच फोटो दुसऱ्या साइटवर अमर्याद विकू नका. दुसऱ्या आकारातला प्रिंट त्या २५ मध्ये मोजणार की नाही, हे पहिल्या विक्रीआधी लिहून ठेवा.

---

जमाखर्च

पैशांपुरतं लिहितो.

१ एप्रिल २०२१ पासून पेपॅल भारतातल्या भारतात चालत नाही. परदेशातून येणारे पैसे मात्र घेता येतात. पॅन आणि बँक खातं जोडावं लागतं, योग्य पर्पज कोड (पैसे कशाबद्दल आले ते सांगणारा) निवडावा लागतो आणि रक्कम आपोआप बँकेत जाते. शुल्क तर कापलं जातंच, शिवाय रुपयात बदलताना दरही बाजारापेक्षा कमी मिळतो. किंमत ठरवताना दोन्ही धरा. परकीय रक्कम जमा झाल्याचा दाखला दरवेळी उतरवून ठेवा, वर्षअखेरीला शोधत बसू नका. अमेरिकन साइट डब्ल्यू-८बेन फॉर्म मागतात. आपण अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी करदाते नाही, हे तो सांगतो. सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन कॅलेंडर वर्षं तो चालतो. नाव पॅनवर आहे तसंच हवं.

जीएसटीत वस्तू आणि सेवा हा फरक कळीचा आहे. परदेशी साइट स्वतः छापून विकते आणि तुम्हाला फक्त तुमचा वाटा देते, तेव्हा तुम्ही फोटो वापरायची परवानगी देत असता. ती सेवा, आणि सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची. पण स्वतः छापलेला प्रिंट पाठवलात तर ती वस्तू झाली. फक्त वस्तूच आणि त्याही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात स्वतःच्या पानावरून विकल्यात तर मर्यादा ४० लाख; सोबत सेवेची कमाईही असेल तर २० लाखच. तोच प्रिंट सुरतला किंवा बेंगळुरूला पाठवलात तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, कारण वस्तूंच्या आंतरराज्य विक्रीला ती सूट नाही. छोटे विक्रेते इथेच अडकतात. मोठ्या भारतीय ई-कॉमर्स साइटवर वस्तू विकायची तरी नोंदणी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला नोंदणीऐवजी जीएसटी पोर्टलवरच्या एनरोलमेंट क्रमांकावर विकता येतं. प्रिंट स्वतः परदेशी पाठवायचे तर डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक काढा, त्याचं शुल्क ५०० रुपये.

म्हणून सुरुवात परदेशी साइट आणि महाराष्ट्रातली गिऱ्हाइकं, एवढ्यावर करणं सोपं. राज्याबाहेरून मागणी येऊ लागली की सीएकडे जाऊन नोंदणी करून घ्या. ती ऑर्डर मित्राच्या नावावर पाठवणं वगैरे करू नका.

---

त्रिरश्मी

परवानग्या आणि माणसांबद्दल.

गोंदेश्वर आणि पांडवलेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. हातात कॅमेरा धरून फोटो काढायला कुणी अडवत नाही. ट्रायपॉड, लाइट, मॉडेल आलं की परवानगी लागते, ड्रोन तर विनापरवाना नाहीच. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्याचे फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा ते विकायचाही प्रश्न नाही. ड्रोनचं आणखी एक : देवळालीचा तोफखाना, ओझरचं विमानतळ आणि एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडचे नोटा आणि मुद्रांकांचे छापखाने, हे सगळं आपल्याच शहरात आणि आसपास आहे. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघाच. या ठिकाणांचे जमिनीवरूनही फोटो नकोत.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या शिल्पांचे आणि इमारतींचे फोटो काढून प्रसिद्ध करता येतात. भिंतीवरची आजच्या चित्रकाराची रंगीत चित्रं त्यात येत नाहीत. उड्डाणपुलाच्या खांबावरचं चित्र हाच फोटोचा विषय असेल तर चित्रकाराची लेखी संमती घ्या. तुमच्या स्वतःच्या फोटोवर तुमचा हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. साइटची अट वाचताना 'नॉन-एक्स्क्लुझिव्ह' (तोच फोटो इतरत्रही विकायची मोकळीक) हा शब्द आहे ना, तेवढं बघा. फोटो स्पर्धांच्या अटी त्याहून बारकाईने वाचा. कित्येकदा फक्त भाग घेतला म्हणून सगळे हक्क आयोजकांकडे जातात.

माणसांचं म्हणाल तर २०२७ चा सिंहस्थ समोर आहे, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यांनाच पडणार. घाटावरच्या गर्दीत चेहरे बारीक असतील तर हरकत नाही. एकच चेहरा असेल तर विचारून काढा आणि संमतीच्या कागदावर मराठीत किंवा हिंदीत सही घ्या : नाव, तारीख, कुठला फोटो, प्रिंट म्हणून विकणार. जाहिरातीसाठी द्यायचा असेल तर त्या कागदाशिवाय देऊच नका. रामकुंडावर स्नान करणाऱ्या बायका, पिंडदानाला बसलेलं घर, लहान मुलं यांचे फोटो कितीही सुंदर असोत, विकायला लावू नयेत. तिथे आलेला माणूस आपल्या दुःखासाठी किंवा श्रद्धेसाठी आलेला असतो.

नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं ते पहिलंच. घरट्यांचे फोटो टाकू नका, आणि एक्स्पोर्ट करताना लोकेशनची माहिती काढून टाकायची खूण करा. कॉपीराइटची माहिती मात्र ठेवा.

शेअर करायची फाइल वेगळी : लांब बाजू १६०० पिक्सेल. त्यातून चांगला मोठा प्रिंट निघत नाही. फोटोच्या मधोमध भलामोठा वॉटरमार्क नको, घेणाऱ्याला चित्रच दिसत नाही. कोपऱ्यात बारीक नाव पुरे.

---

गंगाघाट_सकाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पडद्याचा उजेड ९०% वर होता! कागदाशी जुळवल्यावर ३५% वर आला आणि तिन्ही फोटो खरोखरच काळे दिसले.

एक शेवटचं विचारतो. १२×१८ आणि १६×२४ पावसाळ्यात पाठवायचे तर पॅकिंग कसं? काचेची फ्रेम करून पाठवावी का?

---

चौकट

काच कुरिअरने पाठवू नका. फ्रेम हवीच असेल तर २ मिमी अॅक्रिलिक घाला.

१२×१८ सपाट पाठवा. प्रिंट आधी निदान एक दिवस उघडा सुकू द्या. वर बटर पेपर, मग प्लास्टिकची पिशवी, त्यात सिलिका जेलची एक पुडी. पिशवी एका पुठ्ठ्यावर कागदी कोपऱ्यांनी बसवा, प्रिंटला चिकटपट्टी लावू नका. पुठ्ठे दोन घ्या, चारी बाजूंनी इंचभर मोठे, एकाच्या आतल्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाहीत. १६×२४ गुंडाळून ३ इंच व्यासाच्या नळीत. दोन इंचाच्या नळीत जाड कॉटन कागदाला कायमची गुंडाळी बसते. दोन्ही टोकांना कागदाचे बोळे, झाकणावर टेप पूर्ण फिरवून.

सोबत एक चिठ्ठी द्या : फ्रेम करताना आम्लमुक्त माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला, म्हणजे प्रिंट काचेला टेकणार नाही. टेकला तर पावसाळ्यात चिकटतो आणि सोडवताना शाई काचेवर राहते. बाहेरून पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीवर घरात आतून लावणार असतील तर फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत रबराची बटणं लावायला सांगा. हवा खेळती राहिली की बुरशी धरत नाही.